'असते तर' : मराठी आणि फ्रेंच भाषांतील संकेतार्थ



या स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक संस्थेने मला दिली होती. मी 'फ्रेंच भाषेतील संकेतार्थ' असे कळवले, तेव्हा चिटणीसांनी दूरध्वनीवरून अतिशय सौजन्याने विचारले, "सर, विषय उत्तमच आहे, पण बमरोलीत फ्रेंच कशाला?" प्रश्न रास्त आहे. ज्या वस्तीत पहाटेपासून लूमचा खडखडाट ऐकू येतो, जेथील बहुतेक कुटुंबे धुळे, नंदुरबार, जळगाव या भागांतून तापीच्या काठाकाठाने धावणाऱ्या गाडीने इकडे आली, घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि खात्यावर हिंदी अशा चार भाषांत ज्यांचा दिवस जातो, त्यांच्यापुढे पाचवी भाषा कशाला आणून ठेवायची? तेव्हा आधी या प्रश्नाचे उत्तर देतो आणि मग विषयाकडे वळतो.

फ्रेंच भाषा सुरतेला परकी नाही. इंग्रज आणि डच यांच्या मागोमाग फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी येथे आली आणि १६६८ साली फ्रान्स्वा कारों याने सुरतेत तिची वखार उघडली. ताव्हर्निये, तेव्हनो, बर्निये हे सतराव्या शतकातील प्रवासी याच बंदरातून आत शिरले. पुढे आंकेतिल-द्युपेरों नावाचा एक तरुण १७५८ ते १७६१ या काळात सुरतेत राहिला, येथील पारशी दस्तुरांकडून अवेस्ता शिकला आणि १७७१ साली त्याने पॅरिसमध्ये तिचे फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध केले. युरोपला झरथुष्ट्राच्या धर्मग्रंथाची ओळख झाली ती अशी, सुरतेतील एका शिकवणीतून! फ्रेंचांचा येथील वखारीच्या जागेवरचा नाममात्र हक्क तर थेट ऑक्टोबर १९४७ मध्ये संपला. म्हणजे इंग्रजांचे राज्य गेल्यानंतरही दीड-दोन महिने सुरतेतील जमिनीचा एक लहानसा तुकडा कागदोपत्री फ्रेंचांचा होता.

आणि मराठी व्याकरण तर सुरतेला त्याहूनही जवळचे आहे. मराठी भाषेचे पाणिनी म्हणून ज्यांना गौरवले जाते, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. त्यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली निघाले. त्यानंतर काही वर्षांनी ते येथे आले आणि १८४४ साली दुर्गाराम मेहताजींच्या बरोबरीने त्यांनी येथे मानवधर्म सभा स्थापन केली. जातिभेद आणि अंधश्रद्धा यांना प्रश्न विचारणारी ही सभा. क्रियापदांचे अर्थ लावणारा माणूस आणि रूढींचे अर्थ विचारणारा माणूस एकच असावा, याचे मला नवल वाटत नाही. "असे नसते तर?" हा प्रश्न व्याकरणातही सुधारणेच्या मुळाशी असतो आणि समाजातही.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते आपले गुरुजी मराठीच शिकवीत. त्यांच्याकडून आम्ही क्रियापदाचे चार अर्थ शिकलो : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. पहिले तीन परीक्षेपुरते लक्षात राहिले. संकेतार्थ मात्र माझ्या मागे लागला, आणि पुढे पुण्यात फ्रेंच शिकताना आणि शिकवताना तो मला पुन्हा भेटला, निराळ्या वेषात. त्या भेटीची हकीकत आज सांगायची आहे.

फ्रेंच भाषेत 'जर' या अर्थी 'सी' हा एक अक्षरी शब्द आहे. त्याने सुरू होणारी वाक्ये मुख्यत: तीन प्रकारची. तीन वाक्ये उच्चारून दाखवतो. ती पाठ करण्याची आवश्यकता नाही, त्यांतील फरक तेवढा कानावर असू द्यावा.

पहिले : "सी झे ल ताँ, झ व्हियाँद्रे." वेळ मिळाला तर मी येईन. येथे 'सी'च्या पुढे वर्तमानकाळ आणि दुसऱ्या भागात भविष्यकाळ. येण्याची शक्यता खरीखुरी आहे.

दुसरे : "सी झाव्हॅ ल ताँ, झ व्हियाँद्रॅ." मला वेळ असता तर मी आलो असतो, म्हणजे आज, आत्ता. वेळ नाही, म्हणून येत नाही. पण उद्या परिस्थिती पालटली तर चित्र बदलू शकते. येथे 'सी'च्या पुढे अपूर्ण भूतकाळ आणि दुसऱ्या भागात फ्रेंच व्याकरण ज्याला 'कोंदिसियोनेल' म्हणते ते रूप.

तिसरे : "सी झाव्हॅ यू ल ताँ, झ सरॅ व्हनू." मला वेळ मिळाला असता तर मी आलो असतो; म्हणजे तेव्हा, त्या दिवशी. तो दिवस गेला. आता काही होणे नाही.

माझ्या मराठी भाषांतराकडे आपले लक्ष गेले असेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेंच वाक्यांचा उत्तरार्ध अगदी वेगळा आहे. मराठीत मात्र दोन्हीकडे 'आलो असतो' हेच आले. 'आज' आणि 'त्या दिवशी' हे शब्द मला बाहेरून घालावे लागले. "उद्या सुट्टी असती तर मी गावी गेलो असतो" असे आपण सहज म्हणतो. उद्या अजून उजाडायचा आहे, तरी क्रियापद मात्र 'गेलो असतो'. घडून न गेलेले, घडत नसलेले आणि घडणार नसलेले, या तिन्हींना मराठी एकाच पोत्यात भरते आणि पोत्यावर 'असते' असा शिक्का मारते.

दारांची उपमा द्यायची तर मराठीला दोन दारे आहेत : एक उघडे, एक बंद. 'आला तर' हे उघडे दार; 'आला असता तर' हे बंद. फ्रेंचमध्ये या दोहोंच्या मध्ये तिसरे एक दार आहे. ते लोटलेले आहे, पण त्याला कडी लागलेली नाही.

मात्र म्हणून मराठी गरीब आणि फ्रेंच श्रीमंत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. उघड्या दाराच्या बाबतीत मराठीची चाल विलक्षण आहे. "पाऊस पडला तर पेरणी करू" या वाक्यातील 'पडला' पाहा. पाऊस अजून पडायचा आहे, आकाशात ढगही नाही. आणि शेतकरी क्रियापद वापरतो ते भूतकाळाचे! तो मनाने पावसाच्या पलीकडे जाऊन उभा राहतो, पाऊस पडून गेलेला पाहतो आणि तेथून पेरणीकडे बघतो. फ्रेंच माणूस येथे साधा वर्तमानकाळ वापरून मोकळा होतो. पहिल्या वर्षाचा मराठी विद्यार्थी नेमका येथे घसरतो : 'आला तर' याचे शब्दश: फ्रेंच करताना तो भूतकाळ घालतो, आणि "तो येईल तर" हा अर्थ जाऊन "तो आलेला असेल तर" असा अर्थ होऊन बसतो.

दुसरी घसरगुंडी याहून मोठी. मराठी वाक्य तराजूसारखे असते. "पाऊस पडला असता तर पीक आले असते" : दोन्ही पारड्यांत 'असता', 'असते'. गुजरातीतही दोन्हीकडे 'होत', हिंदीतही दोन्हीकडे 'होता'. साहजिकच आपला विद्यार्थी फ्रेंचमध्येही दोन्हीकडे कोंदिसियोनेल घालतो. फ्रेंचला हे मुळीच खपत नाही. तेथे अट आणि फळ यांची रूपे एकसारखी असू शकत नाहीत. 'सी'च्या लगेच पुढे कोंदिसियोनेल येत नाही म्हणजे नाही. गंमत अशी की, खुद्द फ्रान्समधील मुलेही हीच चूक करतात, आणि तेथील गुरुजींनी त्यांच्यासाठी एक कोटी तयार करून ठेवली आहे : 'सी'ला 'रॅ' आवडत नाहीत. 'रॅ' हा कोंदिसियोनेल रूपाचा शेवट. फ्रेंचमध्ये करवतीलाही 'सी' म्हणतात आणि रेघेलाही 'रॅ'. त्यामुळे ऐकणाऱ्याला "करवतींना रेघा आवडत नाहीत" असे ऐकू येते, मुले हसतात आणि नियम जन्मभर लक्षात राहतो. हसत हसत लक्षात राहिलेला नियम छडीने शिकवलेल्या नियमापेक्षा टिकाऊ असतो, हे या शाळेत मी सांगायला नको.

आता हे कोंदिसियोनेल रूप घडते कसे, ते पाहू. कारण मला या विषयातील सर्वांत रम्य भाग तोच वाटतो. फ्रेंचमध्ये 'पार्ले' म्हणजे बोलणे. (आपल्या बिस्किटांचा याच्याशी संबंध नाही, ती मुंबईच्या पार्ल्याची.) 'पार्लरे' म्हणजे मी बोलेन, 'पार्लरॅ' म्हणजे मी बोललो असतो. दोहोंत फरक केवळ शेवटच्या स्वराचा, आणि तोही इतका बारीक की अनेक फ्रेंच माणसे बोलताना तो पाळत नाहीत. ही रूपे लॅटिनच्या बोलभाषेतून आली. तेथे "मला बोलायचे आहे" अशा अर्थाची रचना होती. मूळ क्रियापदाला 'आहे'वाचक क्रियापद जोडायचे. ती झिजून भविष्यकाळ झाला. त्याच रचनेत 'आहे'च्या जागी 'होते' घातले, "मला बोलायचे होते", आणि ती झिजून कोंदिसियोनेल झाले. म्हणजे 'बोललो असतो' हे फ्रेंचच्या पोटात "बोलायचे होते" असे आहे. भविष्याच्या शेपटीला भूतकाळ बांधला की कल्पना जन्माला येते.

हे वाचले तेव्हा मला संस्कृतच्या तासाची आठवण झाली. पाणिनीने क्रियातिपत्तीसाठी, म्हणजे जी क्रिया घडायला हवी होती पण घडली नाही तिच्यासाठी, लृङ् हा लकार सांगितला आहे. 'करिष्यति' म्हणजे करील. 'अकरोत्' म्हणजे केले. तेथील आरंभीचा 'अ' ही भूतकाळाची खूण. आता करिष्यतीचे अंग घ्या, त्याला तो भूतकाळाचा 'अ' आणि भूतकाळाचा प्रत्यय लावा : 'अकरिष्यत्', केले असते. भविष्याच्या अंगाला भूतकाळाचे वस्त्र! फ्रेंचने जे मागून जोडले ते संस्कृतने पुढून आणि मागून जोडले. पण युक्ती तीच. या दोन भाषांनी ती एकमेकींपासून उचललेली नाही. लॅटिन झिजून फ्रेंच होऊ लागली तेव्हा लृङ् लकार संस्कृतात शतकानुशतके रुळलेला होता, आणि त्या फ्रेंच शेतकऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. संस्कृतच्या पाठात या लकाराचे जे उदाहरण परंपरेने देतात, तेही पावसाचेच आहे : चांगली वृष्टी झाली असती तर सुकाळ झाला असता. खानदेशातून आलेल्या माणसाला याचे भाष्य करून सांगण्याची गरज नाही. १९७२च्या दुष्काळानंतर आपल्यापैकी कितीतरी घरांत हेच वाक्य संस्कृताशिवाय बोलले गेले असेल.

भूतकाळाला ही शक्ती कोठून आली? माझी समजूत अशी की, भूतकाळाचे रूप नुसते 'काल' सांगत नाही; ते 'येथून दूर' असे सांगते. जे काळाने दूर ते भूत. जे वास्तवापासून दूर ते कल्पित. आणि जे अंगावर न येता अंतर राखून बोलायचे ते सौजन्याचे. तिन्हींना एकच रूप पुरते. फ्रेंच माणूस दुकानात "मला पाव हवा आहे" असे न म्हणता "मला पाव हवा असता" अशा रूपात मागतो. ऐकायला गंमत वाटते खरी. पण आपण तिकिटाच्या खिडकीशी काय म्हणतो? "एक जळगाव हवे होते." होते? म्हणजे आता नको का? साहेबांच्या दारात उभे राहून "जरा काम होते" असे म्हणणाऱ्याचे काम संपलेले नसते, ते सुरूच व्हायचे असते. ज्याच्या हाती सत्ता नाही तो वर्तमानकाळात मागत नाही, हे मी बमरोलीत शिकलो. पॅरिसच्या व्याकरणाने त्याला केवळ नाव दिले.

कोंदिसियोनेलचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो सांगताना मला १९९४ सालाकडे जावे लागेल. फ्रेंच वर्तमानपत्रांना एखादी बातमी द्यायची असते पण तिची हमी द्यायची नसते. अशा वेळी ती क्रियापद या रूपात घालतात. "मंत्री राजीनामा देणार आहेत" याऐवजी "मंत्री राजीनामा देते" अशासारखे काहीसे. वाचकाने समजायचे की, असे बोलले जाते, खातरजमा झालेली नाही. मराठीत यासाठी क्रियापदाला हात लावावा लागत नाही. आपल्याकडे 'म्हणे' आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटली, तेव्हा मी नववीत होतो. "पाण्यात विष कालवले आहे म्हणे." "अमुक वस्तीत माणसे पटापटा मेली म्हणे." दुसऱ्या दिवशी ही वाक्ये पुढच्या गल्लीत पोचली ती 'म्हणे' गाळून. लाखो माणसे शहर सोडून गेली. आमचे कुटुंबही त्यांत होते, भुसावळकडे जाणाऱ्या गाडीच्या दारात लटकत. शब्दाच्या अंती लावलेला 'म्हणे' सहज गळून पडतो. फ्रेंच कोंदिसियोनेल क्रियापदाच्या हाडातच असते, तेव्हा ते गाळायचे तर वाक्यच नव्याने घडवावे लागते. अफवेच्या दिवसांत ही अडचण उपकारक ठरत असेल, असे मला अनेकदा वाटते. अर्थात फ्रान्समध्येही अफवा पसरतात. व्याकरणावर इतका भार टाकणे बरे नव्हे.

त्या साथीनंतरचा भाग मात्र संकेतार्थाच्याच इतिहासात लिहिण्यासारखा आहे. साथ ओसरल्यावर शहरभर एकच वाक्य होते : "कचरा वेळीच उचलला असता तर…" हे तिसऱ्या प्रकारचे वाक्य, बंद दाराचे. १९९५ साली एस. आर. राव महानगरपालिकेचे आयुक्त म्हणून आले आणि पुढील दोन वर्षांत हे शहर देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. 'उचलला असता तर' याचे 'उचलला तर' झाले; केवळ एक 'असता' गळला. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराचे पाणी शहरात शिरले, तेव्हाही विचारले गेले : उकाई धरणातून पाणी आधीपासून थोडे थोडे सोडले असते तर? असा प्रश्न कोणी विचारला की, "आता जर-तरला काय अर्थ?" असे म्हणून त्याला गप्प बसवण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती मान्य नाही. 'असते तर' हा प्रश्न नाकारला तर जबाबदारी कशी ठरवणार? न्यायाधीश, डॉक्टर, अभियंता, तिघांचेही काम याच रूपावर चालते : हे झाले नसते, तर ते झाले असते काय?

जर-तरची चेष्टा मात्र सर्वत्र आहे. आपण म्हणतो, आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते. फ्रेंचमध्ये जवळजवळ हीच म्हण आहे. फ्रेंच म्हणीत मिशांचे नाव नाही. तेथे एका सूचक सर्वनामावर काम भागवले आहे, ते शाळेच्या व्यासपीठावरून मी अधिक स्पष्ट करत नाही. पण मराठी म्हण अधिक काटेकोर आहे, हे आवर्जून सांगतो. फ्रेंचमध्ये आत्या, मावशी, काकू, मामी या सर्वांना एकच शब्द. आपण मात्र नेमकी आत्या निवडली. कारण आत्याला मिशा फुटल्या तर तिचा काकाच होईल, मामा होणार नाही. कल्पनेच्या राज्यातही नाते चुकवायचे नाही, हा खास मराठी बाणा! फ्रेंचांची दुसरी एक म्हण सांगते की, 'जर' हाताशी असले तर अख्खे पॅरिस बाटलीत भरता येईल. चेष्टा करणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की, पानिपताविषयी बोलताना 'असते तर' टाळून दाखवा. दिवंगत शास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही विज्ञानकथा लिहिली, ती विश्वासरावांना लागलेली गोळी चुकली असती तर, या एका उपवाक्यावर उभी आहे. ज्या उपवाक्याला आपण पारावरची गप्प म्हणतो, त्यातून एका भौतिकशास्त्रज्ञाने शक्य विश्वांची चर्चा उभी केली.

आता शाळेकडे येतो. आपल्या मराठीच्या पेपरात कल्पनाप्रधान निबंध असतो. 'मी मुख्याध्यापक झालो तर', 'मी पंतप्रधान झालो तर', 'परीक्षा नसत्या तर', 'मला पंख असते तर'. या शीर्षकांकडे व्याकरणाच्या नजरेने पाहिले आहे काय? परीक्षा आणि पंख यांना 'नसत्या', 'असते', दार बंद. पण पंतप्रधानपदाला 'झालो तर', दार उघडे! फ्रेंच मुलाला हाच विषय दिला तर तो "मी राष्ट्राध्यक्ष असतो तर" अशा दुसऱ्या प्रकारच्या, लोटलेल्या दाराच्या रूपाने सुरू होतो. मराठी शाळेने मात्र लूमवर काम करणाऱ्या बापाच्या मुलालाही पंतप्रधानपदासाठी पंखांचे व्याकरण लावले नाही, पावसाचे लावले. पडला तर पेरू. झालो तर करीन. हे कोणी ठरवून केले असेल असे नाही, भाषेची सवय आहे. पण सवयींतही औदार्य असते. आमच्या वर्गातील एका मुलाने 'मी डॉक्टर झालो असतो तर' असे शीर्षक लिहिले होते. गुरुजींनी बाकी निबंधाला हात न लावता 'असतो' एवढाच शब्द लाल शाईने खोडला.

घराघरांत मात्र दुसरे रूप ऐकू येते. "शिकलो असतो तर साहेब झालो असतो." "गावी पाणी असते तर इकडे आलो नसतो." मराठीत एक चमत्कार आहे, तो प्रथम पुरुषात स्पष्ट दिसतो. "मी गावी असतो" याचा अर्थ माझा मुक्काम गावी आहे. त्याच्यापुढे एक 'तर' ठेवा : "मी गावी असतो तर…" क्रियापद तेच, मात्राही बदललेली नाही, आणि माणूस गावातून उचलला जाऊन बमरोलीत येऊन पडतो. स्थलांतरावर जे काही लिहिले गेले आहे, त्यात याहून लहान वाक्य माझ्या वाचनात नाही.

मी म्हटले की, मराठी दुसरे आणि तिसरे दार एकत्र करते. याचा परिणाम एकदा माझ्या डोळ्यांदेखत घडला. पालकांची सभा होती. हजेरीच्या कागदावर बहुतेक आया अंगठा उठवीत होत्या. माझी आई दिवसभर घरी साड्यांवर टिकल्या चिकटवी. सभेला येणेच तिला अवघड वाटे. अंगठा उठवताना ती तिच्या अहिराणीत काहीसे पुटपुटली, प्रमाण मराठीत सांगायचे तर : "रात्री शाळा असती तर आम्हीही शिकलो असतो." भोवतालच्या बायकांनी सुस्कारा टाकला. त्यांनी ते वाक्य तिसऱ्या प्रकारचे म्हणून ऐकले. आमच्या लहानपणी शाळा असती तर, आता काय! मीही तसेच ऐकले. गुरुजींनी मान वर केली आणि विचारले, "किती वाजता जमेल, ताई?"

त्यांनी ते वाक्य दुसऱ्या प्रकारचे म्हणून ऐकले होते. दिवसपाळी सातला सुटे, स्वयंपाक-जेवण उरकायला नऊ वाजत. म्हणून नऊनंतर तिसरीच्या वर्गात दिवा लागू लागला. दहा-बारा बायका येत. काही महिन्यांनी आईने हजेरीच्या कागदावर सही केली. अक्षर वेडेवाकडे होते. पण शिरोरेघ सरळ होती.

फ्रेंचमध्ये आईला आपले वाक्य बोलण्याआधीच ठरवावे लागले असते : शिकले असते, तेव्हा; की शिकले असते, आता? उच्चारच वेगळा, संदिग्धतेला जागा नाही. माझ्या फ्रेंच सहकाऱ्यांना मी ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांना ते आपल्या भाषेचे सामर्थ्य वाटले. मला तितकी खात्री नाही. जिला उघड मागण्याचा संकोच होता, तिला मराठीने खंताच्या पदराआड मागणे लपवू दिले. फ्रेंचमध्ये ती कदाचित गप्पच बसली असती. मात्र पदराआडचे ओळखणारा कान समोर नसेल, तर मराठीची ही सोय बोलणाऱ्यावरच उलटते. मागणे खंत म्हणून ऐकले जाते आणि सुस्काऱ्यात विरून जाते. सुरत महानगरपालिकेच्या शाळा मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू, इंग्रजी अशा अनेक माध्यमांतून चालतात. त्या प्रत्येक भाषेत 'असते तर' आहे, आणि प्रत्येकीत ते निराळ्या जागी दुमडलेले आहे. पालकांशी बोलणाऱ्या शिक्षकाला त्या घड्या ठाऊक असणे मी बी.एड.च्या निम्म्या अभ्यासक्रमापेक्षा अधिक मोलाचे मानतो.

शिक्षक मित्रांसाठी एक छोटासा प्रयोग सुचवतो. नववीच्या वर्गात 'असते तर' असलेली दहा वाक्ये मुलांना घरून ऐकून आणायला सांगा. आईची, वडिलांची, शेजारच्या कारीगराची. मग प्रत्येक वाक्यापुढे मुलांनी लिहायचे : तेव्हा, की आता? ज्या वाक्यांपुढे 'आता' येईल, ती बाजूला काढून ठेवा. त्यांचे काय करायचे, हे शाळेला पुढच्या सभेत पाहता येईल.